माझ्या वजनाचं पोतं

भाऊंना शिडांची इंग्रजी नावं म्हणता येत नव्हती, असं आमच्या होड्यांच्या क्लबातले लोक अजून सांगतात. ते खरं नाही. क्लबाचे सेक्रेटरी म्हणजे फौजेतून निवृत्त झालेले एक साहेब होते. त्यांनी एकदा सगळ्यांसमोर, मुलाची तोंडी परीक्षा घ्यावी तसं भाऊंना विचारलं. भाऊंनी डोलकाठीपासून सुकाणूपर्यंत एकेका वस्तूचं इंग्रजी नाव घडाघडा म्हणून दाखवलं आणि वर म्हणाले, "येते जी मले. पण हवा आली म्हणजे तोंडातून निघत नाही." मी तिथेच उभी होते, म्हणून ठासून सांगते.

हवा आली म्हणजे त्यांच्या तोंडून निघे ते त्यांच्या घरातलं. भाऊ विणकराच्या घरचे. गोळीबार चौकामागच्या एका गल्लीत त्यांच्याकडे दोन हातमाग होते आणि आजोबांच्याही आधीपासून घरात नऊवारी लुगडी विणली जात होती. त्यामुळे होडीचं मोठं शीड म्हणजे त्यांचं लुगडं, आणि पुढचं लहान तिकोनी शीड म्हणजे पदर. शिडाची कड म्हणजे काठ. "काठ उसवला" असं ते म्हणाले की नवा माणूस तलावाच्या काठाकडे बघायचा.

शिडाची होडी आणि नागपूर, हे ऐकून पुण्या-मुंबईचे पाहुणे हसतात. हसू द्या. समुद्र आम्हाला सगळ्या बाजूंनी सारखाच लांब, हे कबूल. पण अंबाझरीचा तलाव काही लहान नाही, आणि पावसाळा संपल्यावर धरणाच्या भिंतीवरून जो वारा उतरतो तो नवशिक्याची होडी बघता बघता उलटी करतो. साठच्या दशकाच्या सुरुवातीला काही हौशी अधिकाऱ्यांनी तिथे पाच-सहा होड्या आणून क्लब काढला. शिडं जाड सुती कापडाची होती आणि इथल्या उन्हाने ती दर वर्षी विरत. ती शिवायला कुणीतरी भाऊंना घेऊन आलं. त्यांनी शिडं अशी शिवली की टाका शोधून सापडेना. मजुरी मात्र घेतली नाही. "एक डाव डोंग्यात बसवा," एवढंच म्हणाले. बसवलं, आणि मग ते उतरलेच नाहीत. मी क्लबात गेले तेव्हा भाऊंना तिथे दहा वर्षं झाली होती. त्यांच्याइतका वारा कुणालाच कळत नव्हता. फौजेतले साहेबसुद्धा शर्यतीच्या दिवशी चोरून त्यांच्याकडे बघून आपली दोरी सैल करत.

मी गेले ती एका मैत्रिणीच्या नादाने. मी मुलींच्या एका शाळेत भूगोल शिकवत असे. वय चौतीस, लग्न झालेलं नव्हतं, घरात मी आणि आई. माझ्या शाळेतल्याच एका बाईंचे यजमान क्लबाचे सभासद होते. त्यांनी आम्हा दोघींची नावं घातली. मैत्रीण दोन रविवार आली, उन्हाने नाक सोलवटलं म्हणून घरी बसली. मी राहिले. मी नेहमीच अशी. एकदा एखाद्या ठिकाणी पाय टाकला की हाकलेपर्यंत तिथून हलत नाही.

तिसऱ्या रविवारी मी काठावर पिशवी धरून उभी होते. बाईमाणसाला आपल्या होडीत घ्यायला कुणी तयार नव्हतं, आणि कुणी तसं तोंडाने बोलतही नव्हतं. भाऊंच्या जोडीदाराची नुकतीच जबलपूरला बदली झाली होती. ते गुडघाभर पाण्यात होडी धरून उभे होते. तिथूनच त्यांनी विचारलं, "बाई, तुमचं वजन किती जी?"

मला असा राग आला! आमच्या भाजीवाल्यालाही मी हे विचारू दिलं नसतं. पण त्यांचा चेहरा अगदी कामाचा होता.

"पंचेचाळीस," मी म्हटलं.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत नाही, होडीला पुढपासून मागपर्यंत न्याहाळलं. "थोडं कमी भरते. चालते. बसा."

पुढे बसणाऱ्याची कामं दोन. पदराची दोरी हातात ठेवायची आणि होडी एका बाजूला कलली की दुसऱ्या बाजूला सरकून आपलं वजन टाकायचं. मागे बसणारा सुकाणू सांभाळतो आणि लुगडं सांभाळतो. वारा एकदम भरला तर पुढच्याने क्षणात पदर सोडायचा, नाहीतर दोघंही पाण्यात. हे सगळं भाऊंनी मला एका सकाळी शिकवलं. नंतर दोन वर्षं आम्ही रविवारी सकाळी दोन-अडीच तास पाण्यावर असू आणि त्यात वीस वाक्यंसुद्धा बोलत नसू.

तरी ते अडीच तास सोडले तर माझा सगळा आठवडा एकटीचा होता. शाळेत मला कुणी वाईट बोललं नाही. फक्त मधल्या सुट्टीत मी शिक्षकांच्या खोलीत पोचेपर्यंत सगळ्यांचे डबे नेमके उरकलेले असत. छप्पन साली माझ्या वडिलांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा मी शाळेत होते. त्यांचा हात धरून मीही त्या गर्दीत उभी होते. ते मला म्हणाले होते, आता तू कुणाहून कमी नाहीस. ते खरंच होतं. पण कमी नसलेल्या माणसालाही कुणीतरी डब्यातलं लोणचं पुढे करावं असं वाटतं. वडील गेल्यावर घरात आई होती, आणि आई संध्याकाळी साडेसातला झोपे.

होडीचं तसं नव्हतं. ती दोघांशिवाय नीट चालत नाही. मी नसले तर बिघडेल, अशी जगात माझ्यापुरती तेवढी एकच गोष्ट होती. रविवारी पहाटे इंदोऱ्यातल्या घरून सायकल काढताना मला वाटे, आज कुणीतरी माझी वाट बघतंय. मी ते कुणाला सांगितलं नाही.

आईला माझं पाण्यावर जाणं पटत नसे. तिचं माहेर नरखेडकडचं. तिच्या लहानपणी गावच्या विहिरीवर आमच्या लोकांनी चढायचं नाही, दूर उभं राहून कुणीतरी घागरीत ओतेपर्यंत थांबायचं, अशी रीत होती. "काहून जाऊन राहिली वं तिथं?" ती विचारायची. "येवढं पानी पायलं की मले धडकीच भरते." मी म्हणायची, मला पोहता येतं. ती म्हणायची, मी बुडण्याचं बोलत नाही.

आता त्या शब्दाबद्दल सांगते, कारण सगळं त्या एका शब्दाने घडवलं.

तिसऱ्या वर्षीच्या डिसेंबरातली गोष्ट. रविवार होता, थंडी होती, आणि धरणाच्या भिंतीवर शहरातली निम्मी माणसं ऊन खायला आलेली. आमची होडी भिंतीपासून जेमतेम पन्नास हातांवर होती. अचानक वारा फिरला आणि दोन्ही शिडं फुगली. होडी एका अंगावर गेली. मी नेमकी भिंतीवरच्या एका लाल फुग्याकडे बघत होते. भाऊ मागून ओरडले, जिवाच्या आकांताने ओरडले, "बाई, पदर सोडा! पदर सोडा बाई, सोडा लवकर!"

पाण्यावरून आवाज फार लांब जातो. मी दोरी सोडली, होडी सरळ झाली, आणि मग मला जाणवलं की भिंतीवर एकदम सगळं शांत झालं आहे. त्यानंतर कुणीतरी शिटी मारली. मग बरीच माणसं हसली. माझा स्वतःचा पदर कमरेला घट्ट खोचून वर पिन लावलेली होती, पण ते बघायला कोण बसलंय?

भाऊंना काही कळलंच नाही. "काय झालं जी? काहून हासून राहिले लोकं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, काही नाही, चला.

भिंतीवर आमच्या शाळेतल्या मुलींचे दोन पालक होते. मंगळवारी ती गोष्ट शिक्षकांच्या खोलीत पोचली, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला, गुरुवारपर्यंत तिला हातपाय फुटले. शुक्रवारी मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावलं. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी दार लावून घेतलं आणि समोरच्या कागदाकडे बघत म्हणाल्या, "तलावावर एक गृहस्थ तुम्हाला... म्हणजे, पालक असं म्हणतात."

मी सगळं समजावलं. फळ्यावर खडूने होडी काढून दाखवली; मोठं शीड, लहान शीड, दोरी. त्यांनी शहाण्या विद्यार्थिनीसारखं ऐकून घेतलं.

"माझा विश्वास आहे तुमच्यावर," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही किती जणांसमोर फळा मांडणार? जूनमध्ये तुमची नोकरी कायम करायचा विषय कमिटीपुढे येतोय. तुमच्या घरातून तुम्हीच पहिल्या. लोक तुमच्याकडे जरा जास्तच बारकाईने बघतात, हे तुम्हालाही माहीत आहे."

मला माहीत होतं. त्या रविवारी मी गेले नाही. पुढच्याही नाही. नाव वाचवायला मी नाव सोडली, असं म्हणून मी स्वतःशी हसायचा प्रयत्न केला, पण शब्दावर कोटी करून रविवार जात नाही. मी पेपर तपासले, डबे घासले, नकाशे गुंडाळून ठेवले. भाऊंना मी निरोपही पाठवला नाही. काय पाठवणार होते? तुमच्या तोंडी आहे तो शब्द वाईट आहे म्हणून? तो वाईट नव्हता. लाज मला भाऊंची वाटत नव्हती, माझीच वाटत होती, आणि लाज वाटली की मी गप्प बसते. तो माझा जुना दुर्गुण आहे.

जूनमध्ये नोकरी कायम झाली. तरी मी गेले नाही. तोवर इतके महिने उलटले होते की आता कुठल्या तोंडाने जावं हेच कळेना.

आईच्या मात्र लक्षात आलं होतं. एका रविवारी मी तांदूळ निवडत बसलेली बघून ती म्हणाली, "तळ्यावर जात नाही वं आताशा?"

"नाही."

"कोनं अडवलं का तुले?"

"नाही आई. मीच जात नाही."

तिने माझ्या सुपातला एक खडा वेचून टाकला. "आमाले तं लोकं अडवत," ती म्हणाली. "तू सोताच अडून बसली."

त्या हिवाळ्यात आई गेली. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, गावाकडची माणसं एसटीने परतली, मावशी शेवटी तिच्या घरी गेली. त्यानंतरच्या रविवारी मी पहाटे उठले आणि सवयीने दोन कप चहा टाकला. दुसरा कप समोर ठेवून मी त्याच्याकडे पाहत बसले. मग उठले, कॅनव्हासचे बूट शोधले आणि सायकल काढली. वाटेत मी तीनदा परत फिरायचं ठरवलं, पण सायकल तलावाकडेच जात राहिली.

भाऊ पाण्यात होडी धरून उभे होते. एकटे. होडीत माझ्या जागेवर एक पोतं ठेवलेलं होतं.

साधंसुधं नाही. जुन्या शिडाचं पांढरट कापड, नीट दुमडून शिवलेलं, तोंडाशी दुहेरी टाका. पोटात रेती. माझी जागा इतकी व्यवस्थित भरलेली बघून मला काय वाटलं ते लिहायला आज लाज नाही: मला त्या पोत्याचा हेवा वाटला. माझ्याशिवाय बिघडतं, असं मी समजत होते. इथे तर माझ्याऐवजी रेती बसली होती आणि चांगली बसली होती.

भाऊंनी मला पाहिलं. कुठे होतात, का आला नाहीत, काही नाही. त्यांनी दोन्ही हातांनी ते पोतं उचललं, छातीशी धरून काठावर आणून ठेवलं, परत गेले आणि माझ्या जागेवर सांडलेली रेती तळव्याने झाडून काढली. मग म्हणाले, "बाई, तुम्ही खोटं सांगतलं होतं."

"काय?"

"वजन. पंचेचाळीस म्हनलं होतं तुम्ही. मी पंचेचाळीसची रेती भरली तं डोंगा नाक वर करून चालून राहिला. मंग ओंजळ ओंजळ टाकत गेलो. तीन किलो टाकली तवा तुम्ही असल्यावानी बसला."

मी अठ्ठेचाळीस किलोंची होते. तिथेच, त्यांच्यामागोमाग गुडघाभर पाण्यात उतरलेल्या मला हसू आलं आणि त्या हसण्याचं रडणं कधी झालं ते कळलं नाही. "आई गेली, भाऊ," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. होडी माझ्याकडे वळवून घट्ट धरली. मग म्हणाले, "बसा."

मी त्या दिवशी घरी जाताना सारखी एकच गोष्ट घोळवत होते. तेरा महिने या माणसाने दुसरा जोडीदार घेतला नव्हता. घेता आला असता; साहेब मागे लागले होते असं मला नंतर कळलं. होडीत रेती टाकून टाकून त्यांनी माझी जागा माझ्याच मापाची ठेवली होती. माझं खरं वजन आईलासुद्धा माहीत नव्हतं.

त्यानंतर नऊ वर्षं आम्ही सोबत होतो. पण तो शब्द त्यांनी पुन्हा कधीही उच्चारला नाही. झालेला प्रकार कुणीतरी त्यांच्या कानावर घातला होता. पदर सोडायची वेळ आली की ते बोटाच्या पेराने होडीच्या लाकडावर दोनदा वाजवत. टक टक. लुगड्याला लुगडं म्हणत, काठाला काठ म्हणत, आणि पदराच्या जागी टक टक. क्लबातले सगळे तोवर भाऊंचे शब्द उचलून बसले होते. अगदी साहेबसुद्धा दुरून "अरे पदर सोड!" म्हणून आपल्या जोडीदारावर ओरडत. फक्त आमच्या होडीत तो शब्द नव्हता.

एकदा मी धीर करून म्हटलं, "भाऊ, म्हणा की पदर. मला चालतं."

"मले नाही चालत," ते म्हणाले आणि सुकाणू वळवलं.

मला त्यांच्याबद्दल काय वाटत होतं, असं एका मैत्रिणीने मला पुढे आडून आडून विचारलं. मी तिला झिडकारलं. आज कुणी विचारत नाही, म्हणून सांगते. लोकांना जे वाटलं ते नव्हतं. त्यांचा संसार होता, दोन मुलं होती, मी त्यांच्या घरी कधी गेले नव्हते, आणि पाण्यावरून उतरलं की आम्ही वेगवेगळ्या दिशांना सायकली वळवत असू. पण माझ्या आयुष्यात मला इतकं नेमकं कुणी ओळखलं नाही. मी डावीकडे सरकणार हे मी सरकायच्या आधी त्यांना कळे. दर रविवारी दुपारी मी घराचं कुलूप काढायचे तेव्हा पुढच्या रविवारला किती दिवस आहेत ते मोजत आत जायचे.

शेवटच्या दोन वर्षांत त्यांनी मला मागे बसवून सुकाणू शिकवलं. का शिकवतात ते मी विचारलं नाही. त्यांना दम लागू लागला होता, काठावरून शीड आणतानाच दोनदा थांबावं लागे. मग एका पावसाळ्यानंतर ते पाण्यात उतरायचेच बंद झाले. तरी रविवारी येत. शेडसमोर लोखंडी खुर्ची टाकून बसत, आणि मी शेजारच्या पायरीवर. होडी समोर बांधलेली असायची.

"जा ना जी बाई," ते म्हणत. "काहून बसून राहिल्या?"

"कुणासोबत जाऊ?"

"पोतं आहे ना. पोतं पुढं ठेवा, तुम्ही मांगं बसा."

"तुम्ही बरे झालात की जाऊ," मी म्हणे. तेवढ्या बोलण्यानेही त्यांना खोकला येई, आणि मी नजर पाण्यावर ठेवी. मी त्यांच्या डोळ्यांसमोर एकदाही पाण्यावर गेले नाही. गेले असते तर त्यांना आवडलं असतं. मला वाटायचं, मी त्यांच्याशिवाय होडी काढली की ते आजारी आहेत हे खरं होईल. पन्नाशीकडे झुकलेल्या, भूगोल शिकवणाऱ्या बाईची ही अक्कल.

जानेवारीत ते गेले. साहेबांनी शाळेत फोन केला. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून पहिल्यांदाच गोळीबार चौकामागच्या त्या गल्लीत शिरले. मी पोचेपर्यंत पुरुष मंडळी घाटावर गेली होती. दारात चपलांचा ढीग, आत बायका. एका बाजूला हातमाग, त्यावर अर्धवट लुगडं तसंच. मी उंबऱ्याजवळ उभी राहिले. कोण म्हणून सांगायचं तेच मला कळेना.

वहिनींनीच मान वर केली. बारीक चणीच्या, डोळे सुजलेल्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमीच का त्या पोत्याच्या बाई?"

खोलीतल्या सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. मी म्हटलं, "हो."

"या, बसा अशा." त्यांनी सरकून जागा केली. "ते पोतं मीच शिवलं. म्हनत, नीट शीव, बाईचं आहे. तुमी वापस आल्या तरी ते फेकलं नाही; दर साली उसवे, दर साली मी टाका मारून देई." त्यांनी डोळे पुसले. "लोकं मले येऊन सांगत, तुया नवरा तळ्यावर बाईले पदर सोडा म्हनते. मी म्हनलं, मंग काय म्हनन? पदराशिवाय दुसरं काही येते का त्याले?"

कुणीतरी बाई हुंदक्यातच हसली. वहिनीही हसल्या, आणि मग त्यांनी माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसले. मला वाटलं होतं की त्या घरात मी परकी असेन. तिथे माझं पोतंसुद्धा ओळखीचं होतं, आणि मी बारा वर्षं उगाच त्या गल्लीच्या तोंडावरून सायकल वळवत आले होते.

मग मार्च आला. साहेबांनी शेडसमोर मला थांबवलं. म्हणाले, हिंगण्याच्या कारखान्यातला एक तरुण इंजिनियर आलाय, चांगला शिकलेला आहे, भाऊंच्या होडीवर तुमच्यासोबत त्याला घ्या. मी म्हटलं, आज नको. त्यांनी आग्रह केला तेव्हा मी जरा फाडकन बोलले. पुढे मी त्यांची माफी मागितली, पण त्या दिवशी नाही.

शेडच्या कोपऱ्यात, वल्ह्यांच्या मागे, पोतं होतं. उचलून आणता आणता मला धाप लागली. मी आता चोपन्न किलो भरत होते. पोतं मात्र माझ्या पस्तिशीतल्या अठ्ठेचाळीस किलोंवरच राहिलं होतं. मी ते पुढे, माझ्या जागेवर ठेवलं, आणि मागे, भाऊंच्या जागेवर बसले. त्यांचं वजन किती, हे मी कधी विचारलं नव्हतं. इतक्या वर्षांत एकदाही नाही.

होडी चांगली चालली. सकाळ होती, ऊन अजून कोवळं होतं, भिंतीवर थोडीफार माणसं होती. मी लुगडं धरून होते. पाण्याचा आवाज आणि दोरीची करकर, बाकी काही नाही. समोर माझंच वजन पाठमोरं बसलेलं. मी त्याच्याकडे बघायचं टाळत होते आणि बघतही होते.

भिंतीजवळ वळताना वारा भरला. दोन्ही शिडं एकदम फुगली, होडी कलली, पाणी काठावरून आत आलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की एकट्याने निघायचं तर पदराची दोरी मागे आपल्या हाताशी घ्यायची असते. मी ती नेहमीच्या सवयीने पुढच्या खुंटीला, पोत्याजवळ, अडकवली होती. मी लाकडावर दोनदा वाजवलं. टक टक. मग माझ्याच तोंडून निघालं, भिंतीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने:

"बाई, पदर सोडा! सोडा लवकर!"

भिंतीवर कुणी हसलं की नाही, मी पाहिलं नाही. पोतं आपल्या जागी बसून होतं. मग मी लुगडं ढिलं सोडलं, गुडघ्यांवर पुढे सरकले, आणि पोत्याच्या अंगावरून हात घालून पदर सोडला.